कमलाकांतबुवांचा अळणी नवस

या, जवळ या. तिकडं उंबऱ्यापाशी का बसलात? इथं सतरंजीवर सरका, लेकराला मांडीवर घ्या, टाळ बाजूला ठेवा. आज तुम्हाला एडवणच्या कमलाकांतबुवांची गोष्ट सांगते. हिच्यात देव आहे, डॉक्टरीणबाई आहे आणि मीठ आहे. हसायचं तिथं खुशाल हसा, मला राग नाही. फक्त मधेच उठून जाऊ नका, कारण उठाल तर नेमकं हसायचं तेवढं ऐकाल आणि हात जोडायचं राहून जाईल.

कमलाकांत आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारा. दिवसा होडीवर, संध्याकाळी कीर्तनाला उभा. गळा असा की त्यानं नुसतं रामकृष्णहरी म्हटलं तरी किनाऱ्यावर बोंबील टांगणाऱ्या बायांचे हात थांबत आणि कावळ्यांचं फावत असे. बायको चंद्रकांता, माझी वहिनी म्हणा, बोलायला कमी आणि बघायला फार. थोरला भाऊ धर्माजी, आमच्या भजनी मंडळाचा प्रमुख. गळ्यात वीणा आणि आवाजात हुकूम. मृदंगावर गोमा. एवढीच माणसं लक्षात ठेवा, पुरे.

साल चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचं असेल. त्याच्या आधी एक अख्खा हंगाम कमलाकांत जाळ्यांच्या ढिगामागं गप्प बसून होता. जेवण नको, समुद्र नको, देवसुद्धा नको. गाव म्हणालं, रुसलाय. मग एका उन्हाळ्यात तो उठला, आणि असा उठला की आम्हाला वाटलं, याच्या अंगात बारा घोडे शिरले. झोप नाही, थकवा नाही. होडी सात रंगांनी रंगवली, रंग उरला म्हणून शेजाऱ्याची कोंबडी रंगवली. पकडलेली मासळी एस्टीतल्या उतारूंना खिडकीतून प्रसाद म्हणून वाटून टाकली. एका मास्तरांच्या मांडीवर जिवंत खेकडा पडला, ते केळव्यापुढच्या माहीमपर्यंत सीटवर उभेच होते. आणि कीर्तन, बायांनो, काय ते कीर्तन! एका गोष्टीतून दुसरी, दुसरीतून दहावी, रावण मारायला निघालेला राम वाटेत सुदाम्याच्या घरी पोहे खाऊन यायचा. सूर्य वर यायचा तरी आरती नाही. गोमाची बोटं सुजली. आम्ही बाया डुलत होतो, रडत होतो, हसत होतो. देव उतरलाय म्हणून धर्माजीनं भावाच्या पायावर डोकं ठेवलं. थोरल्या भावानं! गावात तसं कधी झालं नव्हतं.

एकटी चंद्रकांता डुलत नव्हती. ती बघत होती की नवऱ्याच्या गालफडात खड्डे पडलेत, बोलताना शब्दाला शब्द धरून ठेवत नाही, आणि कुणी मधे बोललं तर डोळ्यात वीज येते.

एके सकाळी तो पालघरला जाऊन कामगारांच्या बसमध्ये चढला. बस बोईसरला कारखान्याकडं निघालेली, पहिल्या पाळीची. यानं आत उभं राहून गजर सुरू केला. अर्धे लोक उत्तरेकडचे, त्यांना शब्द कळेनात, पण टाळ्या धरल्या. फाटक आलं, सगळे उतरले, हा उतरेना. म्हणाला, समुद्र पलीकडं आहे, बस तिकडं न्या, माशांनी अजून कीर्तन ऐकलं नाही. ड्रायव्हर नाय म्हणाला तेव्हा हा उतरून चालतच निघाला, तारापूरच्या बाजूला, पाण्याच्या दिशेनं. दूधनाथ नावाचा एक कामगार आपली पाळी सोडून त्याच्या मागं धावला. कंबरेएवढ्या पाण्यातून त्याला ओढून आणला. नंतर चंद्रकांताला सांगताना तो भला माणूस एवढंच बोलला की, "भाभी, मेरा भाई भी ऐसे ही गाता था. बोईसर में डॉक्टर है, पहले वहाँ चलो."

बोईसरला स्टेशनच्या अलीकडं एक दवाखाना होता, आणि दर बुधवारी तिथं मुंबईहून मनाच्या आजारांची डॉक्टरीणबाई यायची. डॉक्टर निर्मला चुरी. माहेर केळव्याचं, म्हणून आमची बोली तिला पाठ. तिनं कमलाकांताला बोलू दिलं, पुष्कळ वेळ बोलू दिलं, आणि मग चंद्रकांताला विचारलं ते त्याच्या कीर्तनाबद्दल नाही, झोपेबद्दल. मग विचारलं की याच्या आधी कधी उलटं झालं होतं का, अगदी गप्प, अगदी विझलेला. वहिनीनं जाळ्यांच्या ढिगाचं सांगितलं. बाईनं मान हलवली. म्हणाली की ते रुसणं नव्हतं आणि हा देव नव्हे. दोन्ही एकाच आजाराची दोन तोंडं. भरती-ओहोटी सगळ्यांच्या मनाला असते, याच्या मनाला उधाण येतं आणि मग पाणी पार तळाला जातं. यात कुणाची नजर नाही, कुणाचं पाप नाही. मेंदूचं दुखणं आहे, रक्तदाबासारखं, आणि यावर औषध आहे.

त्या दिवसांत त्याला झोपेची सुई द्यावी लागली, काही दिवस तिथंच खाटेवर ठेवावं लागलं. आणि मग सुरू झाल्या त्या गोळ्या, लिथियम नावाच्या. बाईनं बजावलं होतं की रक्त तपासून घ्यायचं, पाणी भरपूर प्यायचं, आणि खाण्यापिण्यात काही बदल करायचा तर आधी विचारायचं. खाण्यापिण्यात बदल म्हणजे आम्हाला वाटलं दारू. कमलाकांत दारू पीत नव्हता, म्हणून ते वाक्य तिथंच सांडलं.

गोळ्यांनी उधाण ओसरलं. माणूस परत आला. होडीवर जाऊ लागला, झोपू लागला, भाकरी गरम आहे की गार हे त्याला कळू लागलं. चंद्रकांता एवढी खूश की तिनं रंगीत कोंबडीसुद्धा कापू दिली नाही. पण कमलाकांत कीर्तनाला उभा राहीना. त्याला भीती बसली होती, आणि ती एकच भीती त्यानं आपल्या अंगणात बसून वहिनीला सांगितली, मी भिंतीपलीकडं मासे उलटत होते म्हणून ऐकली.

"ते सगळं आजारच असंल, तर मग माझं काय व्हतं त्यात? गोळी खाऊन उभा राहिलो आनि आतून काय आलंच नाय तर?"

वहिनीनं त्याचं डोकं धरून तेल घातलं, एवढंच.

आमच्याकडं दत्तजयंतीचा सप्ताह होतो आणि शेवटी काल्याचं कीर्तन. ते वर्षानुवर्षं कमलाकांताचं. त्या साली धर्माजी म्हणू लागला की बाहेरचे बुवा आणू. गोळीनं याच्यातला देव निजवलाय, उगीच मंडळाचं हसं नको. कमलाकांतानं हे ऐकलं आणि त्याला एकदम काय वाटलं कुणास ठाऊक, देवीच्या देवळात जाऊन त्यानं नारळ ठेवला. काला करायला मला उभा कर, तोवर मी अळणी खाईन. मिठाचा कण तोंडात घालणार नाही.

आता समुद्रकाठच्या माणसानं मीठ सोडणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आमच्या हवेत मीठ, अंगणात मीठ, वाऱ्यानं वाळलेल्या लुगड्यात मीठ. गावाला गहिवर आला. गोमा म्हणाला, बुवा अळणी तर मृदंग अळणी. टाळकरी म्हणाले, आम्हीपण. धर्माजीला मागं राहता येईना, त्यानंही शपथ घेतली, जरा हळू आवाजात. झालं, अख्खं मंडळ अळणी. आमटी अळणी, कालवण अळणी. पुरुष मंडळी ताटावर अशी बसायची जशी तेराव्याला बसलीत. गोमाची बायको म्हणाली की जेवताना नवरा माझ्याकडं असा बघतो जसं त्याच्या जिभेला मीच काही केलंय.

पण देवाला सगळं दिसतं आणि शेजारणीला त्याहून थोडं जास्त दिसतं. गोमा संध्याकाळी माझ्याकडं यायचा आणि खाऱ्या माशांच्या टोपल्या उचलून ठेवू का म्हणून विचारायचा, आणि टोपली उचलता उचलता त्याचा जबडा हलायचा. एक टाळकरी पालघरच्या स्टँडवर खारे दाणे खाताना दिसला, तर म्हणाला दुसऱ्यासाठी धरलेत. आणि धर्माजी, विणेकरी, मंडळाचा प्रमुख, माजघरात लोणच्याच्या बरणीशी एवढा वेळ काय करतो म्हणून त्याच्या बायकोनं दार उघडलं, तर तो म्हणाला की बरणीला मुंग्या लागल्यात का ते बघतोय. बोट तोंडात होतं. मुंगी चावली असणार.

खरा अळणी राहिला एकटा कमलाकांत. त्याला खोटं जमायचंच नाही.

सप्ताह तोंडावर आला आणि त्याचे हात थरथरायला लागले. आधी बारीक, मग असे की पाण्याचा तांब्या अर्धा अंगावर. मग उलट्या, जुलाब. चालताना होडीवर असल्यासारखा डुलायचा. जीभ जड, शब्द चिकट, दिवसाही गुंगीत. धर्माजी म्हणाला, देव येतोय पुन्हा, वारं भरतंय. दुसरे म्हणाले, गोळ्यांचं विष आहे, त्या फेका आणि मासवणकडच्या भगताला आणा. दोन्ही बाजूंचं एकमत एवढंच की डॉक्टरीण नको. अंगण भरलं. नवसाला कुणी दोष द्यायला तयार नव्हतं. नवसानं असं होत असतं तर आम्ही सगळेच थरथरलो असतो, असं धर्माजी छाती काढून म्हणाला. आणि खरं सांगते, त्याच्या मागं उभ्या असलेल्या एकाही टाळकऱ्याच्यानं मान वर करवेना.

तेव्हा चंद्रकांता बाहेर आली. डोक्यावर पदर होता, आवाज चढलेला नव्हता.

"दादा, तुमी थोरले हाव. पन उधाणाच्या दिवसांत मी यांच्याबरोबर जागी व्हते, तुमी नाय. वारं आलं तवा हे झोपत नव्हते. आता हे झोपेतून उठत नायत. हे ते नव्हं. मी बोईसरला नेते. येत असाल तर या, नाय तर वाटेतून सरा."

धर्माजी सरला, आणि मग न बोलता टेम्पोत चढलाही. मासळीचा टेम्पो होता. कमलाकांत बर्फाच्या पेट्यांमध्ये गोधडीवर, आम्ही भोवती. मी का गेले म्हणाल, तर मला कुणी नको म्हटलं नाही. देवाची कृपा की वार बुधवार होता.

बाईनं हाताची थरथर बघितली, डोळे बघितले, आणि गोळ्या जास्त घेतल्या का म्हणून विचारलं. नाही. उलट्या कधीपासून, पाणी किती पितो, ताप आला का. मग खाल्लं काय. वहिनी म्हणाली, भात, आमटी, भाकरी. आणि पुढं म्हणाली की सगळं अळणी, नवस आहे.

बाई खुर्चीवरून उठल्याच. नर्सला हाका, सलाइन, काढलेलं रक्त मुंबईला तपासायला पाठवायची धावपळ. गोळ्या त्या क्षणी बंद. थोडा आणखी उशीर झाला असता तर याला गमावलं असतं, असं त्यांनी नंतर सांगितलं, आणि तेव्हा कुठं धर्माजी भिंतीला टेकून खाली बसला.

मग बाईनं आम्हाला समजावलं. लिथियम हासुद्धा एक तऱ्हेचा क्षारच, मिठाचं लांबचं भावंड. आपलं मूत्रपिंड अंगातलं मीठ सांभाळतं. मीठ पोटात यायचं बंद झालं की ते घाबरतं आणि हाताला लागेल ते धरून ठेवतं, आणि भावाभावांत फरक न कळल्यानं मिठाबरोबर लिथियमही धरून बसतं. गोळी तेवढीच, पण बाहेर जायची वाट बंद, म्हणून अंगात साठत गेली आणि विष झाली. औषध वाईट नाही, नवस वाईट नाही. दोघांनी एका घरात राहायचं नाही.

धर्माजीनं हळूच विचारलं की मग बाकीच्यांना का नाही झालं. बाई म्हणाल्या, तुम्ही गोळी घेत नाही, अळणी खाल्लं असतं तरी तुम्हाला असलं काही झालं नसतं. "खाल्लं असतं तरी" या शब्दांवर धर्माजी असा दचकला की बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं. आणि मग काय विचारता, त्या माणसानं दवाखान्यात, सगळ्यांदेखत, लोणच्याची बरणी कबूल केली. टेम्पोवाला पण आतमध्ये आलेला. तो म्हणाला की गोमाचं मला ठाऊक होतं, पण तुमचं? आम्ही तोंडात पदर कोंबून हसलो. नर्ससुद्धा सलाइनची नळी धरून हलत होती.

संध्याकाळपर्यंत कमलाकांत हळूहळू बोलायला लागला. पहिला प्रश्न त्यानं नवसाचा केला. सलाइनची बाटली मिठाच्या पाण्याची आहे हे त्याला कळलं होतं आणि डोळ्यांत पाणी होतं. नवस मोडला. डॉक्टरीणबाई जराही हसल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही मीठ तोंडात घालणार नाही असं बोलला होतात, आणि मी तोंडात काहीच घातलेलं नाही. पुढच्या जेवणाचं मात्र देवीला मी सांगते, दोष माझ्या नावावर. त्यावर चंद्रकांता म्हणाली, बाई, तुमचं आनि देवीचं बोलनं व्हतं का? बाई म्हणाल्या की माहेर केळव्याचं, देवी मला ओळखते.

मग त्यानं खरा प्रश्न विचारला, जो त्यानं अंगणात विचारला होता. ते गाणं आजाराचं की माझं.

बाई खाटेच्या कडेवर बसल्या. "बुवा, रक्तातलं लिथियम मला मोजता येतं. गाणं मोजायचं यंत्र मुंबईत पण नाही. पण आजार येण्याआधी किती वर्षं गात होता?"

"ल्हानपनापासून."

"मग त्या लहान पोरालाच विचारा."

घरी आलो. मीठ पुन्हा ताटात आलं. काही दिवसांनी रक्त पाहून बाईंनी गोळी परत सुरू केली, आधीपेक्षा कमी. आणि कीर्तन कुणी करायचं यावर धर्माजीनं मंडळाला एका वाक्यात गप्प केलं, की नवस एकट्यानं पाळलाय, काला त्याचाच.

काल्याच्या सकाळी देऊळ शिगोशीग. अर्ध्या लोकांना आशा की जुनं उधाण येईल, अर्ध्यांना तीच भीती. चंद्रकांता खांबाला टेकून, ओठ घट्ट. कमलाकांत उभा राहिला, अजून अशक्त, उपरणं खांद्यावरून घसरत होतं. पहिल्या गजराला आवाज बारीक निघाला. गोमानं मृदंग दबकत धरला. मग त्यानं गोवर्धनाची कथा काढली. देवानं करंगळीवर डोंगर उचलला, आणि गोपाळांनी खालून आपापल्या काठ्या लावल्या. नेहमीचे बुवा इथं गोपाळांना हसतात, की बघा वेडे, डोंगर काय काठ्यांवर उभा होता? कमलाकांत हसला नाही. म्हणाला, करंगळी देवाची होती, कबूल. पण काठी लावू नका असं देव कुणाला बोलला का? मग छातीवर हात ठेवून सरळ सांगून टाकलं की माझ्या डोक्यावर असाच डोंगर होता. करंगळी त्याची. काठी बोईसरच्या बाईंची, लिथियमची, रोज दोन वेळा. आणि ती काठी अंगणात पहिल्यांदा उचलली ती माझ्या घरच्या बाईनं.

मग कुठून कोण जाणे, गजर उठला. गळा उघडला. अहाहा, तोच गळा! बारा घोडे होते, पण यावेळी लगाम त्याच्या हातात. टाळकरी उड्या घेत होते, म्हाताऱ्या फुगड्या घालत होत्या, धर्माजीची वीणा पाठीमागं गेली तरी त्याला पत्ता नव्हता. सगळ्यांना वाटलं, झालं, आता हा थांबत नाही, आता सूर्य मावळेल. कमलाकांतानं डोळे उघडले, चंद्रकांताकडं बघितलं, गालात हसला, आणि हंडी फोडून आरतीला हात घातला.

कीर्तन संपलं. ऐन दुपारी, वेळेत. आणि देवळात एकच गोंधळ, कारण मागच्या अंगणात महाप्रसादाचा भात अजून चुलीवर चढलाच नव्हता. आचारी बिचारा म्हणाला, कमलाकांताचं कीर्तन आहे म्हणून मी अंधार पडायच्या हिशेबानं निघालो होतो. भोपळे अख्खेच्या अख्खे. मग सगळं देऊळ भोपळे चिरायला बसलं, बुवा स्वतः विळीवर, कपाळाचा बुक्का घामानं ओघळलेला. मी त्याच्या शेजारी बसून ऐकलं, तो मान खाली घालून तीच चाल पुन्हा गुणगुणत होता, कुणाला ऐकवायला नाही.

पुढं पुष्कळ वर्षं तो काला करत राहिला. गोळी चालू, रक्ताची तपासणी चालू, कधी पाणी थोडं चढायचं, कधी उतरायचं, पण उधाण घरात शिरलं नाही. आणि त्या टेम्पोच्या दिवशी जी बाई अंगणात उभी राहून थोरल्या दिराला वाटेतून सरा म्हणाली, ती परवाच्या कार्तिकात गेली. शेवटपर्यंत बोलायला कमी आणि बघायला फार. तेव्हा आज घरी जाल, देवापाशी दिवा लावाल, तेव्हा हात जोडताना देवाच्या नावाखालोखाल माझ्या चंद्रकांता वहिनीचं नाव एकदा घ्या. तेवढी आठवण ठेवा.